आप्पांचा उंदीर

आमच्या कॉलेजात उंदीर नाही. हे मी जबाबदारीनं सांगतो, कारण तिथले कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझ्याकडं आहे आणि या कामात माणसाचं निम्मं आयुष्य टेबलाखाली जातं. टेबलाखाली मी शेंगांची टरफलं पाहिली आहेत, एकेकटी चप्पल पाहिली आहे, एकदा तर तपासायचे राहून गेलेल्या पेपरांचा अख्खा गठ्ठा पाहिला आहे. उंदीर कधी दिसला नाही. तरीही कॉलेजच्या एका वार्षिक अहवालात 'तांत्रिक बिघाडांची कारणे' या मथळ्याखाली उंदीर पहिल्या क्रमांकावर आहे. तो अहवाल मीच तयार केला होता, रंगीत आलेख काढून.

कॉलेजचं नाव सांगत नाही. धाराशिव जिल्ह्यात कर्नाटकाच्या बाजूला आहे एवढं पुरे, कारण तिथं मी अजून नोकरीला आहे आणि ती नोकरी दर वर्षी नव्यानं मिळवावी लागते.

आप्पा म्हणजे आमच्या संगणक कक्षाचे प्रमुख. मुळात ते टायपिस्ट म्हणून लागले. पुढं टाइपरायटर गेले आणि कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा तो ठेवायला रिकामं टेबल फक्त आप्पांचं होतं. टेबल त्यांचं म्हणून कॉम्प्युटर त्यांचा, आणि कॉम्प्युटर त्यांचा म्हणून कक्ष त्यांचा, असं ते प्रमुख झाले. अंगात सफारी, डोक्याचे केस काळेभोर रंगवलेले आणि मिशी मात्र पांढरी. मिशी का रंगवत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. दोन्ही काळं केलं की लोकांना संशय येतो, म्हणाले.

मुरूमहून ते रोज जुन्या मोटारसायकलवर यायचे. आल्या आल्या सर्व्हरच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. कॉलेजात एसी त्या एकाच खोलीत होता, प्राचार्यांच्या केबिनमध्येसुद्धा नव्हता. आत आप्पा काय करतात, असं कुणी विचारलं तर मी 'सर्व्हर बघतायत' असं सांगायचं ठरलेलं होतं. उन्हाळ्यात सर्व्हर जरा जास्तच बघावा लागायचा. घोरण्याचा आवाज पंख्याच्या आवाजात मिसळून जायचा.

त्यांचं संगणकाचं ज्ञान दोन शब्दांत मावायचं: झोपव, उठव. कुठलंही मशीन अडलं की आधी झोपवायचं, मग उठवायचं. त्यानं भागलं नाही तर मला हाक मारायची. मी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचा. पुण्यात हार्डवेअरचा कोर्स करून आलो होतो आणि प्रमाणपत्राला प्लॅस्टिक चढवून ते टेबलावर उभं करून ठेवलं होतं. आप्पांनी पहिल्या दिवशी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि चहाच्या ग्लासावर झाकण म्हणून ठेवलं. माशा लई हायत इथं, म्हणाले. मला इतका राग आला, की त्या दिवशी मी चहाच घेतला नाही. त्यांनी माझाही घेतला.

माझी पहिली तक्रार इतिहासाच्या सरांची. कॉम्प्युटर मेला म्हणून त्यांचा निरोप आला. आम्ही दोघं गेलो. मी दारातूनच पाहिलं, भिंतीवरचं बटण बंद होतं. मी ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आप्पांनी माझ्या पायावर पाय दिला आणि गुडघे मोडत टेबलाखाली शिरले. खाली बराच वेळ खुडबुड, हुंकार, एकदा 'अरारारा'. मग हात वर आला. त्या हातात कुरतडलेली एक वायर होती. उंदरानं खाल्ली बघा सर, म्हणाले. सरांनी हळहळ केली, उंदरांच्या निझामकाळापासूनच्या उपद्रवावर चार वाक्यं बोलले आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत आप्पांनी जाता जाता बटण दाबलं होतं.

ती वायर आप्पांच्या खिशातली होती. नेहमीच असायची. ती कुणी कुरतडली, हे मला आजवर कळलेलं नाही. माझा संशय आप्पांवरच आहे.

मी कोर्स केलेला माणूस. मी कक्षात येऊन कॉम्प्युटरवर नोंद केली, 'बिघाड नाही, वापरणाऱ्याची चूक, बटण बंद होते', आणि ती नियमाप्रमाणं इतिहास विभागाला पाठवून दिली. सरांनी पुढं महिनाभर माझ्या नमस्काराकडं पाहिलं नाही. मला वाटलं, मोठ्या माणसांना खरं सोसत नाही. आप्पांनी एवढंच केलं, की माझ्याकडून त्या नोंदीच्या कारणांमध्ये 'उंदीर' हा पर्याय घालून घेतला. व्होल्टेज, लाइन तुटणे, उंदीर. 'वापरणाऱ्याची चूक' हा पर्याय त्यांनी काढायला लावला. मग वर्षअखेरीला आलेख काढला तर उंदीर निम्म्याच्या वर. व्यवस्थापनानं तो पाहून प्रत्येक विभागाला एकेक पिंजरा दिला. पिंजऱ्यात काही सापडलं नाही, आणि त्याचंही श्रेय अहवालात आम्हाला मिळालं.

कुणा प्राध्यापकानं फाइल पुसली, कुणी पासवर्ड विसरून तीनदा दुसऱ्याचाच घातला, कुणी प्रिंटरमध्ये कागदच नाही म्हणून सुट्टी टाकली. आप्पांच्या तोंडून 'तुमचं चुकलं' हे मी कधी ऐकलं नाही. मी वैतागून एकदा विचारलं, की आपण दुरुस्ती करतो की नाटक. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही.

"मशीनला लाज न्हाय, माणसाला हाय," म्हणाले. "लाजलेलं माणूस पुन्यांदा मशीनला हात लावत न्हाय. मग तू कुणाचं दुरुस्त करनार?"

मला ते तत्त्वज्ञान तेव्हा फालतू वाटलं. खरं सांगायचं तर मला ते समजलं नव्हतं.

रसायनशास्त्राच्या मॅडमचं प्रकरण मात्र पिंजऱ्यात मावणारं नव्हतं. मॅडम कडक. त्यांनी मैत्रिणीला इमेल लिहिली, की आपल्या प्राचार्यांना सही कुठं करायची तेसुद्धा बोट ठेवून दाखवावं लागतं. ती मैत्रिणीला जायच्या ऐवजी सगळ्या स्टाफला गेली. प्राचार्यांनाही. मॅडम कक्षात आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. मी त्यांना खुर्ची दिली आणि पडद्यावर नीट दाखवून दिलं, की मॅडम, इथं तुम्ही चुकीचा पत्ता निवडलात, ही बघा वेळ. मॅडम रडायला लागल्या. आप्पांनी मला चहा आणायला पाठवलं.

चहा घेऊन परत आलो, तोवर स्टाफला दुसरी इमेल पोचली होती. पाठवणाऱ्याच्या जागी खुद्द प्राचार्यांचं नाव. आत मजकूर असा: 'सौ.स, काल वांग्याच्या भाजीवरून तुझ्या माहेरच्या लोकांना मी जे बोललो ते माझं चुकलं. येताना बाजारातून चांगली वांगी आणतो. राग सोड. तुझा आप्पा.' प्राचार्यांचा पासवर्ड आप्पांना पाठ होता, प्राचार्यांना नव्हता.

मग आप्पा डोक्याला हात लावून विभागाविभागातून फिरले. सर्व्हर येडा झालाय, एकाचं पत्र दुसऱ्याच्या नावावर चाललंय, माझी तर सगळ्यांच्यात इज्जत गेली. आठवडाभर स्टाफरूममध्ये वांग्यांशिवाय विषय नव्हता. प्राचार्यही हसले आणि सहीबद्दलची ती इमेल कुणाची होती, हे विचारायचंच राहून गेलं. आप्पांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता आणि काकूंना इमेल कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं, हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी आप्पांना ती त्रुटी दाखवूनही दिली, तेव्हा ते म्हणाले की तू पुण्यातच ऱ्हायला पायजे व्हतास.

पुढं काही वर्षांनी त्याच मॅडम प्राचार्या झाल्या.

आता खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं शेतकरी औताला, सुतार रंध्याला आणि ड्रायव्हर जीपला हळदकुंकू लावतो, तसं आम्ही सर्व्हरला लावायचो. आप्पांची ही पूजा कॉलेजात प्रसिद्ध होती. टेबलावर धुतलेला पंचा, त्यावर सर्व्हरचा डबा चालू स्थितीत, कारण झोपलेल्या देवाची पूजा करत नाहीत असं आप्पांचं म्हणणं. शेजारी पक्कड, स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, जुना माऊस. सगळ्यांना झेंडू.

मॅडम प्राचार्या झाल्यानंतरच्या एका वर्षी सगळ्या विभागांचे अंतर्गत परीक्षेचे गुण त्या सर्व्हरवर होते आणि दिवाळीची सुट्टी संपताच विद्यापीठाला पाठवायचे होते. त्यांची दुसरी प्रत मी एका लहान डिस्कवर काढून लोखंडी कपाटात ठेवली होती. अस्सल आणि नक्कल एका जागी ठेवायची नाही, ही कोर्समध्ये शिकलेली एकमेव गोष्ट मी मनापासून पाळत आलो होतो. आप्पांना कपाट उघडं दिसलं.

"वर्षभर कोंडून घालतोस तिला," म्हणाले. "आज तरी कुकू लागू दे की."

मी डिस्क काढली, सर्व्हरला जोडली, म्हणजे तीही चालू झाली, आणि तिलाही झेंडू वाहिला. मी प्रमाणपत्रवाला माणूस. पण हत्यारं मांडलेली असताना एकच हत्यार कपाटात राहावं, हे मलाही बरं वाटेना.

मॅडम आल्या, स्टाफ आला, आरती झाली, नारळ बाहेर पायरीवर फोडला तर तो नासका निघाला. देवाला पोचला, असं म्हणून सगळे पेढे घेऊन पांगले. आप्पा पांगेनात. शेवटची पूजा होती त्यांची, वैशाखात ते निवृत्त होणार होते. ते मोटारसायकलच्या डिकीतून दुसरा नारळ घेऊन आले. मी म्हटलं, पायरीवर फोडा. तर म्हणाले, देव आत आन नारळ बाहेर, शेजाऱ्याच्या देवाला फोडल्यावानी वाटतंय. आणि त्यांनी सर्व्हरच्या पुढ्यात, डाव्या हातावर नारळ धरून हातोडी उचलली.

आप्पांचा हात अलीकडं थरथरायचा. चारचौघांत ते तो खिशात ठेवायचे. मला माहीत होतं, पण 'आप्पा, मी फोडतो' असं म्हणायला त्या क्षणी मला सुचलं नाही. नारळ फुटला, निसटला आणि सगळं पाणी डब्याच्या जाळीतून आत गेलं. जे उरलं ते डिस्कवर. बारीकसा फट् आवाज झाला, जळका वास आला आणि पंखा थांबला. पूजेच्या पंच्यानं आप्पा डबा पुसत राहिले. मग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, झोपव आणि उठव. मी झोपवला. तो उठला नाही.

सोलापूरच्या दुरुस्तीवाल्यानंही चार दिवसांनी दोन्ही वस्तू परत पाठवल्या. सगळे गुण गेले होते. प्रत्येक प्राध्यापकाला कागद शोधून सुट्टीत परत भरावे लागणार होते आणि स्टाफ खवळला होता. मॅडमनी आम्हाला दोघांना बोलावलं. माझं वर्षाचं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं आणि नव्या कंत्राटावर त्यांची सही व्हायची होती. आप्पांच्या नोकरीच्या शेवटाला चौकशी लागते की काय, हेही त्यांच्याच हातात होतं.

केबिनकडं जाताना मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून म्हणालो, "आप्पा, उंदीर म्हणू या का? डबा पाडला म्हणू."

आप्पा व्हरांड्यात थांबले.

"दुसऱ्याची लाज झाकायला खोटं बोललं तर चालतंय," ते म्हणाले. "आपली झाकायला बोललं की ती चोरी. नारळ म्या फोडला, म्याच सांगनार. तू फकस्त व्हय म्हन."

आत मॅडम आणि समितीत म्हणून घेतलेले इतिहासाचे सर. आप्पांनी हात पुढं करून सरळ सांगितलं, "मॅडम, नारळ म्या फोडला. पाणी माझ्या हातनं गेलं. ह्याचा कायबी संबंध न्हाय."

 मॅडमनी इतिहासाच्या सरांकडं पाहिलं, सरांनी चष्मा काढून पुसला. मग मॅडम अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "आप्पा, पुरे आता. किती जणांचं अंगावर घ्याल?"

आप्पांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते चिडले. खरं सांगतोय, आईची आन घेतो, हात बघा माझा कसा कापतोय, म्हणाले. ते जितक्या पोटतिडकीनं बोलत होते तितके मॅडमचे डोळे भरून येत होते. त्यांना वांगी आठवत असणार. सरांना बटण आठवत असणार. त्या खोलीतल्या दोघांनाही आप्पा कसं खोटं बोलतात ते स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक होतं, आणि ते अगदी असंच बोलत.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "तू सांग. खरं काय झालं?"

इथं मी काहीतरी थोर केलं असं सांगायला मला फार आवडलं असतं. मी सत्याचा पुतळा, बटण बंद होतं तर बटण बंद होतं असं लिहून पाठवणारा. 'होय, आप्पांनी फोडला' म्हणावं तर तोंड उघडेना, 'मी फोडला' म्हणावं तर कंत्राट दिसत होतं. मी काहीच ठरवलं नाही. मी टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत उभा राहिलो. त्यागबिग काही नव्हता, नुसती भीती होती.

"कळलं," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी मला चार शब्द सुनावले आणि आप्पांकडं बघून माझ्या कंत्राटावर सही केली. चौकशीचं प्रकरण तिथंच मिटलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी कक्षात बसून गुण भरले. आप्पांना यायची काही गरज नव्हती, पण ते रोज आले, समोर बसून एकेका मुलाचा गुण मोठ्यानं वाचून दाखवत राहिले. गुणांखेरीज एक शब्द माझ्याशी बोलले नाहीत. जो प्राध्यापक कागद द्यायला यायचा त्याला ते सांगायचे, की माझ्यामुळं तुम्हाला तरास झाला. आणि तो प्राध्यापक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, नशीबवान आहेस गड्या.

वैशाखात निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, काकू पहिल्या रांगेत. मॅडमनी भाषणात नाव न घेता तो प्रसंग सांगितला, की एका तरुण सहकाऱ्याची चूक आप्पांनी स्वतःवर कशी घेतली. सगळा हॉल वळून माझ्याकडं बघायला लागला. आप्पा उठले, माइकपाशी गेले आणि म्हणाले, "त्ये खोटं हाय. चूक माझीच व्हती." त्यावर टाळ्या इतक्या पडल्या की त्यांना पुढचं बोलता आलं नाही. ते तसेच खाली उतरले आणि थेट बाहेर मोटारसायकलपाशी गेले.

मी मागोमाग गेलो. ते गाडीची सीट पुसत होते.

"सारी नोकरी खोटं बोललो," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "एकबी धरलं न्हाय कुणी. जाताना एकदा खरं बोललो तर टाळ्या वाजवत्यात. आन तू गप बसलास."

"आप्पा, शब्दच फुटला नाही तोंडातून."

"मला ठावं हाय. पर माझी चूक माझी व्हती रं. ती बी ऱ्हाऊ दिली न्हाईस माझ्यापाशी."

मला इतकं वाईट वाटलं, की मी तसाच मागं फिरलो. हॉलमध्ये जिलेबी वाटप चाललं होतं. मॅडम आणि इतिहासाचे सर एकत्र उभे होते. मी ताटांमधून वाट काढत गेलो आणि एका दमात सांगून टाकलं, की मॅडम, तो नारळ खरंच आप्पांनी फोडला होता, मी नुसता शेजारी उभा होतो.

मॅडमच्या हातातली जिलेबी हातातच राहिली. माझ्याकडं त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून कधीकधी आठवते. "आज?" त्या म्हणाल्या. "ते रिटायर झाले म्हणून आज त्यांच्यावर ढकलतोस?" इतिहासाच्या सरांनी मान हलवली आणि माझ्याकडं पाठ केली. कुणीतरी माझ्या ताटात वाढायला आणलेली जिलेबी परत नेली.

मी बाहेर आलो. काकू मागच्या सीटवर बसल्या होत्या, आप्पांनी किक मारायला पाय उचलला होता.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

मी मॅडमचे शब्द जसेच्या तसे सांगितले. आप्पांनी पाय खाली ठेवला. आधी मिशी हलली, मग खांदे, मग ते असे हसायला लागले की काकूंना उतरून गाडी धरावी लागली. दिवाळीनंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. डोळे पुसून त्यांनी कक्षाच्या किल्ल्या सफारीच्या खिशातून काढल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या.

"घे," ते म्हणाले. "आता तू खरं बोललास तरी कुणी खरं धरायचं न्हाय. झालास बघ कक्षप्रमुख."